करारापुरता वेग

"तुझी लाईन उद्या चालंल ना गं, शैले?" मार्थाताईनं विचारलं आणि कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"न चालायला काय झालं? रोज चालतीय की."

"रोजचं वेगळं. रोज तिच्यावर माझी जीभ नसती."

असं म्हणून ती हसली, आणि हसताना तिनं डावा गाल तळव्यानं धरला. तेवढं हसणंही तिला झोंबत होतं. जिभेच्या डाव्या कडेला झालेला फोड मिशेरीनं झालाय, जाईल, असं म्हणत तिनं पावसाळा काढला होता. डॉक्टर हेरवाडकरांनी तुकडा तपासायला पाठवला तेव्हा तो फोड नाही हे कळलं. आता उद्या सकाळी ऑपरेशन होतं, आणि ती वॉर्डात जाऊन पडायचं सोडून संध्याकाळपर्यंत टेलिफोनच्या बोर्डावर बसली होती.

मिरजेच्या आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये हजारो माणसं येऊन गेली असतील. त्यातल्या बहुतेकांनी मार्थाताई गायकवाड कधी पाहिली नव्हती, पण तिचा आवाज सगळ्यांना माहीत होता. "नमस्कार, बोला." एवढंच ती म्हणायची. त्यात असं काहीतरी होतं की फोनवर रडत असलेला माणूस रडायचा थांबून पेशंटचं नाव सांगायचा. मी नोकरीला लागले ती तिची बदली म्हणून, तिच्या जेवणाच्या सुट्टीत बोर्ड सांभाळायला. पुढं कॉम्प्युटर आले. ऑफिसातले पुरुष त्याला हात लावायला भ्यायले, म्हणून ती खोली माझ्याकडे आली. मी बी. ए., तीही बाहेरून बसून. इंग्रजी माहितीपुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली, बसवायला येणाऱ्या माणसांना चहा पाजून पाजून प्रश्न विचारले, आणि हळूहळू कामापुरतं यायला लागलं. मार्थाताई सगळ्यांना सांगायची, "आमची शैला तारेच्या आतलं बघती."

"पुण्याला गेली असतीस तर बरं झालं असतं," मी म्हटलं. हे मी तिला आठवडाभर सांगत होते.

"कशाला? हात हेरवाडकरांचा, डोळे पुण्याचे, आणि मधली वायर तुझी. आणखी काय पायजे?"

ती बोर्डाखाली वाकली, पायातल्या चपला काढून एका काळ्या पत्र्याच्या खोक्यावर कडेला ठेवल्या आणि शेजारी पाय टेकवले. ते आमच्या पुण्याच्या लाईनवरचं जुनं यंत्र. दसऱ्याला नवं आलं तेव्हा मी भंगारात काढणार होते. "मला दे, उंची बरोबर आहे," म्हणून तिनं मागून घेतलं होतं.

दुपारी बोर्ड शांत असला की ती नागपूरचा एक नंबर फिरवायची. तिकडून "हॅलो, कोण?" असं आलं की दोन-तीनदा ते ऐकून घ्यायची आणि बोट दाबून फोन तोडायची. ती तिची मुलगी, एस्तेर. स्वतःच्या मनानं लग्न करून गेली तेव्हा मार्थाताई तिला दारात उभं राहून जे काही बोलली होती, ते तिनं मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायची, "बोलायला नको होतं." साऱ्या जिल्ह्याला जोडून देणारी बाई, स्वतःच्या पोरीचं नुसतं हॅलो ऐकायची. बोर्डावर मी शेजारी असायचे. मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी लपवलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र मी म्हटलं, "ताई, आज लाव. आज बोल."

"आज लावला तर म्हणंल, मरायला टेकली तवा आई आठवली का. बरी झाले की लावते."

"आणि—"

"आणि काय? जीभ गेली तर?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणून तर तुला विचारलं, लाईन चालंल ना."

मग ती उठली आणि वॉर्डातल्या सपाता घालून चालायला लागली. स्वतःच्या चपला बोर्डाखाली खोक्यावरच राहिल्या.

त्या लाईनचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे जिभेच्या-गालाच्या गाठी काढताना डॉक्टर कडेचा तुकडा काढून ऑपरेशन चालू असतानाच तपासायला देत. आमचा शब्बीरभाई तो तुकडा गोठवून त्याची पातळ चकती कापायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. मायक्रोस्कोपवर कॅमेरा होता. त्याची चित्रं माझ्या लाईनवरून पुण्याला डॉक्टर टिळेकरबाईंच्या पडद्यावर जायची. त्या बघून फोनवर सांगायच्या, कडेला आजार राहिलाय की कड स्वच्छ आहे. नसेल तर इकडे डॉक्टर आणखी कापायचे. तोवर पेशंट भूल देऊन तसाच पडलेला.

ती लाईन म्हणजे मिरजेहून पुण्याला टाकलेली आमची खास तार नव्हे. मला आधी तसंच वाटायचं. टेलिफोन कंपनी मोठमोठ्या गिऱ्हाइकांना, म्हणजे बँका, कारखाने, आमच्यासारखी हॉस्पिटलं, यांना एक सेवा द्यायची. तुम्ही काहीही पाठवा, बोलणं, चित्र, हिशेब, त्याचे सारख्या मापाचे बारके तुकडे व्हायचे. त्याला सेल म्हणतात. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर कुठं जायचं ते लिहिलेलं. सगळ्या गिऱ्हाइकांचे तुकडे एकाच मोठ्या रस्त्यानं, एकमेकांत मिसळून पळायचे, आणि पोचल्यावर पुन्हा आपापले जुळायचे. तुकडे सारखे असल्यामुळं कुणाचा मोठा बोजा दुसऱ्याच्या वाटेत आडवा येत नाही. तुमचं आणि पुण्याचं नातं मात्र कंपनीनं कायमचं आखून ठेवलेलं. आणि त्या नात्याला एक वेग ठरलेला, करारात लिहिलेला. तेवढ्या वेगाला आम्ही बांधील, असं कंपनीचं म्हणणं.

करारातलं हे वाक्य मी वाचलं होतं. त्याची दुसरी बाजू मला त्या दिवशी कळली.

सकाळी ऑपरेशन सुरू झालं. शब्बीरभाईनं चकत्या रंगवून मायक्रोस्कोपखाली लावल्या, चित्रं काढली आणि पाठवली. मी माझ्या खोलीत, फोनवर पुण्याला टिळेकरबाई.

"आलं का, मॅडम?"

"अजून नाही."

माझ्यासमोर नव्या यंत्राचे हिरवे दिवे लुकलुकत होते. लुकलुकत कसले, थरथरत होते. इतक्या जोरात ते कधी चाललेले मी पाहिले नव्हते.

"आता?"

"शैलाबाई, नाव आलंय. चित्राच्या जागी नुसता पांढरा चौकोन आहे."

शब्बीरभाई दारात आला. "पुन्हा पाठवू?"

"पाठवा."

त्यानं पुन्हा पाठवलं. थिएटरमधून डॉक्टरांच्या हाताखालच्या मुलीनंही तिथल्या कॉम्प्युटरवरून तीच चित्रं पाठवली, म्हणजे एक तरी पोचेल. दिवे आणखी वेडे झाले. पुण्यात पांढरा चौकोन.

मी कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. तिथल्या पोरानं नाव, गाव, गिऱ्हाईक नंबर असं सगळं विचारून सांगितलं, "मॅडम, इकडून लाईन चालू दिसतीय."

"चालू आहे हो. पोचत नाही."

"सगळं हिरवं आहे, मॅडम."

"माझ्याकडेपण हिरवंच आहे. इथं ऑपरेशन टेबलावर बाई झोपलीय आणि मला हिरव्या रंगाचं काही करायचं नाही. तुमच्यात ज्याला आतलं दिसतं त्याला द्या."

शेवटी खानविलकर नावाचा इंजिनियर फोनवर आला. हा माणूस मला माहीत होता, एकदा बसवायला येऊन गेलेला. बोलायला तुसडा, पण कामाला सरळ.

तेवढ्यात थिएटरचं दार उघडून डॉक्टर हेरवाडकर स्वतः बाहेर आले. हातमोजे घातलेले हात छातीशी उंच धरलेले, तोंडावर पट्टी. त्यांना थिएटरबाहेर असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"शैलाबाई, काय आहे?"

"बघतेय, सर. पोचत नाहीये."

"मला जास्त थांबता येणार नाही. तिचं हृदय कमजोर आहे, तुम्हाला माहीत आहे." ते थोडं थांबले. "रिपोर्ट नसेल तर मला अंदाजानं ठरवावं लागेल. आणि अंदाजानं मी कमी कापू शकत नाही. मागे ठेवलं आणि त्यात आजार निघाला तर दुसरी संधी नाही."

"म्हणजे किती, सर?"

"जवळजवळ सगळी."

ते आत गेले. चकती गाडीनं पुण्याला पाठवायची तर अर्धा दिवस. टेलिफोनच्या साध्या लाईनवरून एवढी चित्रं पाठवायची तरी जवळजवळ तेवढंच. शब्बीरभाईनं जमिनीकडे बघत विचारलं, "पुन्हा पाठवू का?" आणि मी फोनवर ओरडलेच असते, पण खानविलकर आधी बोलला.

"शैलाताई, काही पाठवू नका. सगळ्यांना थांबवा."

"थांबवू?"

"थांबवा म्हणतो ना. तुमची लाईन आमच्यात शिरते त्या दारावरचा आकडा बघतोय मी. तुमच्याकडून पूर येतोय. करारातल्या वेगाच्या कितीतरी वर. करारापुरतं आत घेतो, वरचं फेकून देतो."

"फेकून देता? कळवत नाही?"

"कळवायची पद्धत नाही. दार ते, माणूस नव्हे."

"पण थोडं तरी पोचायला हवं. करारापुरतं तरी."

"तेच तर सांगतोय. तुमचं चित्र म्हणजे बारक्या तुकड्यांचे गठ्ठे. एका गठ्ठ्यातला एक तुकडा जरी इथं पडला तरी पुण्याचा कॉम्प्युटर तो सगळा गठ्ठा बाजूला टाकतो आणि पुन्हा मागतो. तुम्ही पुन्हा त्याच वेगानं पाठवता. पुन्हा त्यातला एखादा पडतो. लाईन भरून वाहतीय आणि पुण्याला काही मिळत नाही."

मी दिव्यांकडे पाहिलं. थांबवल्यावर ते शांत झाले होते.

"मग वेग वाढवा की आमचा. आजच्यापुरता. मी लेखी देते, ट्रस्टचं देते, माझं देते."

"माझ्या हातात असतं तर कुणाला विचारलं नसतं. मिरजेपासून पुण्यापर्यंत मधल्या प्रत्येक ठिकाणी जागा राखावी लागते. एका ठिकाणी चुकलं तर आहे तेही तुटेल. ते माझ्यानं होणार नाही." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "कोण आहे टेबलावर?"

"आमच्या बोर्डावरची मार्थाताई."

"नमस्कार, बोला म्हणतात त्या?"

"त्याच."

"हं," तो म्हणाला. मग म्हणाला, "शैलाताई, गेल्या महिन्यात तुमची चित्रं व्यवस्थित जात होती. आमची बाजू तीच आहे. तुमच्याकडे काय बदललं?"

मी मान वर केली. समोर भिंतीवर सागवानी कपाट होतं, पुढं काच, काचेवर लाल अक्षरांत पिवळी किनार देऊन रंगवलेलं: 'कै. सुंदराबाई नेमगोंडा मगदूम यांच्या स्मरणार्थ'. कपाटाला झेंडूचा वाळलेला हार. आत आमचं नवं यंत्र.

आमचे विश्वस्त बाळगोंडा मगदूम, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. हळदीचे मोठे व्यापारी. आईच्या नावानं त्यांनी पंखे दिले होते, बाकडी दिली होती, पाण्याची टाकी दिली होती. या खेपेला कुणीतरी सांगितलं की पुण्याची लाईन आणखी पळवता येते, म्हणून सगळ्यांत वेगवान यंत्र आणलं. दसऱ्याला नारळ फोडून बसवलं. धूळ लागू नये, कुणी हात लावू नये म्हणून सुताराकडून देव्हाऱ्यासारखं कपाट करून घेतलं आणि कुलूप घातलं. दसऱ्यापासून लाईनवर ईमेल आणि हिशेब एवढंच जात होतं. ते खरंच पळत होतं. मोठी चित्रं आजच पहिल्यांदा जात होती.

"नवं यंत्र," मी फोनवर म्हणाले. "जुनं तुम्ही बसवलं होतं."

"जुन्याला मी करारापुरतंच चालायला लावून ठेवलं होतं. नव्याला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. कोल्हापूरच्या दुकानदारानं बसवलं."

"त्याचा पासवर्ड?"

"त्याच्याकडेच. सकाळपासून त्याचा फोन लागत नाही. मी तीनदा केला."

"जुनं कुठाय?"

मी फोन शब्बीरभाईच्या हातात दिला आणि पळाले.

बोर्डावर नवी मुलगी बसली होती. मी तिचे पाय बाजूला सारून टेबलाखाली शिरले. काळं खोकं तिथंच होतं, वर मार्थाताईच्या चपला, जशा तिनं काढल्या होत्या तशा, अंगठ्याजवळ झिजलेल्या. मी खोकं उचललं. चपला कुठं ठेवाव्यात ते सुचेना म्हणून काखेत धरल्या आणि तशीच निघाले. "शैलाताई, काय झालं?" असं ती मुलगी विचारत होती. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

वाटेत ट्रस्टचं ऑफिस. आप्पा आत चहा पीत बसले होते. मी दारात उभी राहिले, एका हातात खोकं, काखेत चपला.

"आप्पा, कपाटाची किल्ली द्या."

"का वो? साफ करायचंय?"

"नवं यंत्र काढायचंय. हे जुनं लावायचंय."

त्यांनी कप खाली ठेवला. "जुनं? अहो ताई, ते म्हातारं. नवं चांगलं पळतंय म्हणून मी आणलं."

"तेच झालंय आप्पा, ते पळतंय. आणि पळाल्यामुळं पुण्याला काही पोचत नाही. मार्थाताई टेबलावर आहे. डॉक्टर थांबलेत. चित्र गेलं नाही तर तिची जीभ सगळी काढणार."

आप्पा उठले. मला वाटलं आता ते वाद घालणार, कंपनीला शिव्या देणार, दुकानदाराला बोलवा म्हणणार. त्यांनी बंडीचा खिसा चाचपला, मग दुसरा. मग कोटाचा. त्यांचा चेहरा उतरला.

"किल्ली सांगलीला राहिली. घरी, आईच्या फोटोमागं."

सांगली जवळ आहे. पण त्या दिवशी मला ती काशीएवढी लांब वाटली.

आम्ही दोघं माझ्या खोलीत आलो. शब्बीरभाई फोन कानाला लावून उभा होता. खानविलकर धरून होता. दारात थिएटरची सिस्टर आली, "डॉक्टर विचारतायत," एवढंच म्हणाली आणि उभी राहिली.

मी कपाटाच्या कडीला हात घातला. सागवान होतं, सुतार इमानदार होता. कडी हलली नाही.

"बाजूला व्हा," आप्पा म्हणाले.

मी वळून पाहिलं. त्यांनी काठी उलटी धरली होती, मूठ पुढं. म्हातारपणी घेतलेली, पितळी मुठीची काठी. ते काचेकडे बघत होते. काचेवर त्यांच्या आईचं नाव होतं, रंगाऱ्यानं नीट सावली देऊन काढलेलं. क्षणभर त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायला नको होतं असं आजही वाटतं.

मग त्यांनी काच फोडली. एका फटक्यात नाही फुटली, दोनदा मारावं लागलं. 'सुंदराबाई' खाली पडलं, 'स्मरणार्थ' चौकटीत अडकून राहिलं.

मी आत हात घालून वायरी काढल्या. मनगट कापलं ते नंतर कळलं. जुनं खोकं टेबलावर ठेवलं, वायरी जोडल्या, चालू केलं. ते म्हातारं यंत्र जागं व्हायला वेळ घ्यायचं, नेहमीच घ्यायचं. त्याचा पंखा घरघरला. बराच वेळ काही नाही. मग एक दिवा लागला. मग दुसरा.

"आलं," खानविलकर फोनवर म्हणाला. "दिसतंय मला. आता एकानंच पाठवायचं. एक चित्र. ते पोचल्याशिवाय दुसरं नाही."

शब्बीरभाईनं एक चित्र पाठवलं. दिवा लुकलुकायला लागला, सावकाश, गाडीला जुंपलेल्या बैलाच्या चालीनं. मला त्याला मागून ढकलावंसं वाटत होतं. शब्बीरभाईचं बोट पुन्हा बटणाकडे जात होतं आणि आप्पांनी ते हातात धरून ठेवलं.

दुसऱ्या फोनवर टिळेकरबाई होत्या.

"आलं का, मॅडम?"

"वरची पट्टी आली."

आप्पांनी शब्बीरभाईचं बोट सोडलं नाही.

"अर्धं आलं."

सिस्टर दारातून हलली नाही.

"पूर्ण आलं. स्वच्छ आलंय. बोलू नका आता, बघू द्या."

मी चपला काखेतच धरून होते.

"पुढची कड स्वच्छ आहे," टिळेकरबाई म्हणाल्या. "दुसरं पाठवा."

दुसरं गेलं. तेही तसंच, पट्टी पट्टीनं. या वेळी त्यांनी जास्त वेळ बघितलं. "खालची कड, घशाकडची. तिथं आहे अजून. थोडं आहे. हेरवाडकरांना सांगा, तेवढ्या एका जागेला आणखी घ्या आणि मला परत दाखवा. बाकीला हात लावू नका. बाकीला हात लावायचा नाही, हे नक्की सांगा."

सिस्टर पळाली. आम्ही थांबलो. डॉक्टरांनी त्या जागेचा आणखी तुकडा दिला. शब्बीरभाईनं तो गोठवला, कापला, रंगवला. चकती धरताना त्याचा हात थरथरत नव्हता, आणि मला त्याचं फार आश्चर्य वाटलं, कारण बाकी तो सगळा थरथरत होता. ते चित्र गेलं. पट्टी पट्टीनं.

"स्वच्छ," टिळेकरबाई म्हणाल्या. "शिवा म्हणावं."

मी खुर्चीत बसले. आप्पा जमिनीवर बसून काचेचे तुकडे गोळा करत होते. 'सुंदराबाई'मधला 'रा' असलेला तुकडा त्यांनी रुमालात वेगळा बांधला.

दुपारी डॉक्टर हेरवाडकर बाहेर आले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "अर्ध्याहून जास्त राहिली." मग माझ्या काखेकडे बघून, "या कुणाच्या चपला?"

"तिच्याच," मी म्हटलं, आणि तेव्हा मला रडू आलं.

मार्थाताई शुद्धीवर आल्यावर तिला बोलायला बंदी होती. नाकातून नळी. तिला एक पाटी दिली होती. पहिल्यांदा पेन्सिल हातात धरता आली तेव्हा तिनं माझ्यासाठी लिहिलं, 'चालली?'

"चालली," मी म्हटलं. "हळू चालली."

त्यावर तिनं डोळे मिटले.

पुढचे महिने अवघड होते. उरलेल्या जिभेला सगळं नव्यानं शिकवायचं होतं. उच्चार शिकवणाऱ्या बाई तिला म्हणायच्या, "एक शब्द. थांबा. मग दुसरा." ती चिडून भरभर बोलायला जायची, आणि भरभर बोललं की सगळं तोंडातच सांडायचं, समोरच्याला एक अक्षर कळायचं नाही. मग ती पाटी आपटायची. एकदा तिनं मला लिहून दाखवलं, 'मी बोर्डाची बाई. बोर्डावर कोण ठेवणार?' तिचं बरोबर होतं. बोर्डावर तिला कुणी ठेवलं नाही. आप्पांनी तिला औषधांच्या खोलीत नेमणूक दिली. पुढं जुन्या यंत्राला त्यांनी एक नवीन छोटी पितळी पाटी लावून दिली, आईच्याच नावाची. या वेळी कपाट केलं नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी ती माझ्या खोलीत आली. पायात त्याच चपला. तिनं मला हातानं बोलावलं आणि आम्ही बोर्डाच्या खोलीत गेलो. नवी मुलगी जेवायला गेली होती. मार्थाताई आपल्या स्टुलावर बसली, हेडफोन कानाला लावला आणि नंबर फिरवला. पाय टेकायला खाली खोकं नव्हतं. पाय अधांतरी राहिले.

बोर्डावर लाईन जोडली गेली की एक लाल दिवा लागतो. पलीकडून फोन ठेवला की तो विझतो.

दिवा लागला.

हेडफोनमधून बारीक आवाज मलाही ऐकू येत होता. "हॅलो. कोण?"

मार्थाताईचं बोट सवयीनं बटणाकडे गेलं. मी शेजारी उभी होते. मी तिचा हात धरला नाही. बोट बटणावर राहिलं, आणि मग तिनं ते स्वतःच उचललं.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"एस्तू," मार्थाताई म्हणाली.

"कोण? आवाज नीट येत नाहीये."

तिनं श्वास घेतला. मी तिचे ओठ बघत होते. "ह-ळू," ती म्हणाली. थांबली. "बोल-ते." थांबली. घाम कपाळावरून भुवईत उतरला. "तू. थांब."

तिकडे शांतता. शेजारच्या खोलीत कुठंतरी रेडिओ चालू होता, तोही मला नको झाला.

"आई," मार्थाताई म्हणाली. मग पुन्हा श्वास घेऊन, सगळी ताकद लावून, दुसरा शब्द. "आहे."

मी दिव्याकडे पाहत राहिले. बराच वेळ. तो लाल होता आणि स्थिर होता, आणि विझला नाही.